लाडका प्राणी गेल्यानंतर घरी दुसरा आणावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील फोंडा आणि डिचोली तालुक्यांत बेवारस पिल्लांना व मांजरांना घरे मिळवून देण्याच्या कामात मी काही वर्षे हातभार लावते आहे. पिल्लू हवे म्हणून फोन करणाऱ्या अनेकांच्या घरातील कुत्रा किंवा मांजर नुकतेच गेलेले असते. बोलणे पिल्लाच्या रंगापासून सुरू होते आणि पाच मिनिटांत गेलेल्या प्राण्याच्या शेवटच्या आठवड्यावर येऊन थांबते. अशा वेळी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे जमेल तेवढ्या सविस्तरपणे दिली आहेत. आजार, लसी आणि निर्जंतुकीकरण यांविषयी जे लिहिले आहे, त्याविषयी तुमच्या प्राण्याला ओळखणाऱ्या पशुवैद्यांशी एकदा बोलून घ्यावे.

नवा प्राणी आणण्यापूर्वी किती दिवस थांबावे?

याची ठरावीक मुदत नाही. एका घराने आपली कुत्री गेल्यानंतर चौथ्याच दिवशी पिल्लू नेले आणि ते तेथे आनंदाने वाढले. दुसऱ्या एका घराला तीन वर्षे लागली, आणि तेही योग्यच होते. मी स्वतः दिवस मोजण्याऐवजी दोन गोष्टी विचारते. पहिली, आधीचा प्राणी कशाने गेला. कारण काही आजारांत थांबण्याची मुदत आपले मन ठरवत नाही, तो विषाणू ठरवतो. दुसरी, रात्री दोन वाजता पिल्लू केकाटू लागले तर उठून त्याला अंगणात नेण्याचे बळ तुमच्यात आज आहे का.

दुःख पूर्ण ओसरण्याची वाट पाहू नये असे माझे मत आहे, कारण बारा-चौदा वर्षे पायाशी झोपलेल्या जिवाचे दुःख तसे पूर्ण ओसरत नाही. मात्र झोप उडालेली आहे, जेवण जात नाही, कामावर लक्ष लागत नाही, अशी अवस्था असेल तर घरात आणलेल्या मुक्या जिवाकडे लक्ष देणेही कठीण जाते; त्याने दिवसभर पाणी प्यायले नाही हे संध्याकाळी लक्षात येते. असे दिवस चालू असताना प्राणी आणू नये. एक साधी कसोटी मी सगळ्यांना सांगते: एखाद्या निवाऱ्यात जावे, एका प्राण्याजवळ अर्धा तास बसावे आणि घरी परतल्यावर त्याच्याविषयी काय आठवते ते पाहावे. त्याचा एक कान दुमडलेला होता, तो हाताचा वास घेऊन मागे सरकला, असे काही आठवत असेल तर तुम्ही त्याला पाहिले आहे. फक्त तो आपल्या गेलेल्या कुत्र्यासारखा नव्हता एवढेच आठवत असेल, तर अजून थोडे थांबावे.

कुत्राच तर होता, असे लोक म्हणतात. मला इतके दुःख होणे स्वाभाविक आहे का?

स्वाभाविक आहे. माणूस गेल्यावर समाज दुःखाला जागा देतो. शेजारी येतात, चूल पेटत नाही, कामावरून रजा मिळते, बारावे-तेरावे होते. प्राण्याचे सुतक आपल्याकडे नाही, म्हणून दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन कामावर जावे लागते. ज्या दुःखाला समाज मान्यता देत नाही, त्या दुःखासाठी केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली एक संकल्पना मांडली आणि पाळीव प्राण्याच्या मृत्यूचे दुःख आज तिच्याच अंतर्गत समजून घेतले जाते. उघडपणे रडता न आल्यामुळे हे दुःख लांबते, हा त्या विचाराचा गाभा आहे.

त्यात दिनक्रमाचा भाग मोठा असतो. माझा कुत्रा गेला तेव्हा मला सर्वांत जड गेली ती सकाळची वेळ. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकला की तो फाटकाकडे धावायचा. तो गेल्यावर भोंगा वाजत राहिला आणि मी कितीतरी दिवस पाव घ्यायला बाहेर गेलेच नाही. पुष्कळ आठवड्यांनंतरही रोजचे जगणे सावरत नसेल किंवा जगू नये असे वाटत असेल, तर ते अंगावर काढू नये. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर विनाशुल्क उपलब्ध आहे आणि बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतही जाता येते.

दुसरा प्राणी आणणे म्हणजे गेलेल्याशी प्रतारणा होत नाही का?

हा प्रश्न विचारताना बहुतेकांचा आवाज खाली येतो, म्हणून त्याला मी घाईने उत्तर देत नाही. ज्या आईला दोन मुले असतात तिला हे कोडे कधी पडत नाही, एवढे मी सांगते. आपल्या परंपरेतही मुक्या जिवाला माया देण्याला हिशेब लावलेला नाही. सांखळीच्या दत्तमंदिरात आपण ज्या दैवतापुढे हात जोडतो, त्याच्या पायाशी एक नव्हे तर चार कुत्री असतात. आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या कुत्र्याशी नामदेवांची आधीची ओळख होती असे कोणी सांगत नाही.

अपराधीपण पहिल्यांदा नव्या प्राण्याशी हसून खेळताना येते, असा माझा अनुभव आहे. तेव्हा खेळ थांबवू नये. ती भावना काही आठवड्यांत सौम्य होते.

अगदी तसाच दिसणारा, त्याच जातीचा प्राणी शोधावा का? तेच नाव ठेवले तर चालेल का?

नाव वेगळे ठेवावे, असे मी आग्रहाने सांगते. तेच नाव ठेवले की प्रत्येक हाकेत तुलना होते आणि नवा प्राणी त्या तुलनेत नेहमी हरतो, कारण तो अवघ्या तीन महिन्यांचा असतो आणि समोर तेरा वर्षांच्या सहवासात घडलेला, घराच्या सगळ्या सवयी शिकलेला प्राणी उभा असतो. गेलेला कुत्राही लहानपणी चपला कुरतडत होता, हे आपण विसरलेले असतो.

जातीबद्दल माझे मत अधिक ठाम आहे. दाट केसांचे आणि चपट्या नाकाचे कुत्रे गोव्याच्या दमट हवेत त्रास सोसतात. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकून अंग थंड करणे जमत नाही, आणि दाट केसांखाली पावसाळ्यात त्वचेचे बुरशीजन्य विकार वारंवार होतात. आधीच्या जातिवंत कुत्र्याचे हाल तुम्ही डोळ्यांनी पाहिले असतील तर पुन्हा तेच विकत घेण्यापेक्षा गावठी कुत्र्याचा विचार करावा. आपल्या गावांतील सुणीं, म्हणजे ही गावठी कुत्री, याच हवेत पिढ्यानपिढ्या वाढलेली आहेत, त्यांची कातडी आखूड केसांची असते आणि नीट सांभाळले तर ती बारा ते पंधरा वर्षे सहज जगतात. वेगळ्या रंगाचा, वेगळ्या वयाचा किंवा कुत्रा गेला असेल तर कुत्री, असा बदल केला की मनालाही नवे नाते जोडणे सोपे जाते. पिल्लूच हवे असा हट्ट नसेल तर दोन-तीन वर्षांचा, स्वभाव कळलेला प्राणी शोकातील घराला अधिक झेपतो, कारण त्याला रात्री उठावे लागत नाही.

आमचे पिल्लू पार्वोने गेले. पुन्हा पिल्लू कधी आणावे?

येथे कृपया घाई करू नये. पार्वो हा पिल्लांना होणारा उलट्या-जुलाबांचा संसर्गजन्य आजार आहे आणि त्याचा विषाणू अतिशय चिवट असतो. आजारी पिल्लाच्या विष्ठेतून तो प्रचंड प्रमाणात बाहेर पडतो आणि सावलीतील ओल्या मातीत अनेक महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ टिकून राहतो. आपल्याकडील कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा), परसातील केळीची आळी, चिऱ्याच्या कुंपणाच्या कडा या सगळ्या जागा त्याला मानवणाऱ्या आहेत. नेहमीच्या फिनाइलने तो मरत नाही, आणि नेमकी हीच चूक बहुतेक घरांत होते. फरशी चार वेळा फिनाइलने पुसून लोक निश्चिंत होतात आणि दीड महिन्याने आणलेले दुसरे पिल्लूही त्याच आजाराने जाते. एका वर्षात तीन पिल्ले गमावलेले एक घर मी पाहिले आहे. त्या घरातील आजीने पुढे कुत्र्याचे नावच टाकले.

घर स्वच्छ करताना आधी साबणाच्या पाण्याने सगळी घाण काढावी, कारण घाणीच्या थराखाली जंतुनाशक पोहोचत नाही. त्यानंतर घरगुती वापराचे द्रवरूप ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिश्रण करून फरशीवर किमान दहा मिनिटे ओले राहू द्यावे व मग धुऊन टाकावे. दारे-खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू तयार होतो. मातीचे अंगण ब्लीचने शुद्ध होत नाही. तेथे ऊन हाच मुख्य उपाय आहे. आजारी पिल्लाचे अंथरूण, लाकडी खेळणी आणि चामड्याचा पट्टा जाळून टाकावा, मनाला कितीही लागले तरी.

अशा घरात सर्वांत सुरक्षित पर्याय म्हणजे लसीकरण पूर्ण झालेला प्रौढ कुत्रा. पिल्लूच आणायचे असेल तर ज्याची सर्व प्राथमिक लसमात्रा झाली आहे असेच आणावे. पिल्लांच्या लसी साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात सुरू होतात आणि सोळाव्या आठवड्यापर्यंत दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दिल्या जातात. मध्येच थांबलेले लसीकरण पुरेसे ठरत नाही, कारण आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या मात्रांना निष्प्रभ करू शकते. शेवटच्या मात्रेनंतर आणखी दोन आठवडे जाऊ द्यावेत. मांजरांमधील पॅनल्यूकोपेनिया हा आजारही याच कुळातील विषाणूमुळे होतो, तेव्हा त्यालाही हाच नियम लागू आहे.

इतर आजाराने किंवा सर्पदंशाने प्राणी गेला असेल तर काय पाहावे?

डिस्टेंपर या कुत्र्यांच्या संसर्गजन्य आजाराचा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही, त्यामुळे घर धुऊन, सुकवून काही आठवड्यांनी लसीकरण झालेला प्राणी आणता येतो. गोचिडीमुळे होणाऱ्या टिक फिवरचे मात्र तसे नाही. कुत्र्याच्या अंगावरून उतरलेली गोचीड भिंतीवर चढते, चिऱ्याच्या सांध्यांत आणि दाराच्या चौकटीमागे लपते, तेथे हजारो अंडी घालते आणि रक्त न पिता कित्येक महिने राहू शकते. कुत्रा गेल्यावर घर रिकामे दिसते, पण गोचिडी यजमानाची वाट पाहत असतात. नवा कुत्रा आणण्यापूर्वी भिंतींच्या फटी बुजवाव्यात, गोचीडनाशकाची फवारणी करून घ्यावी आणि पहिल्या दिवसापासून त्याला गोचीडप्रतिबंधक औषध सुरू करावे.

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात पसरतो आणि माणसालाही होतो. सर्पदंशाचाही उंदरांशी संबंध आहे: ज्या परसात सोडणांचे (नारळाच्या सालींचे) ढीग, जुन्या चिऱ्यांच्या राशी आणि उघडे धान्य असते तेथे उंदीर येतात, उंदरांमागे नाग आणि घोणस येतात, आणि कुत्रा राखणीच्या ओढीने त्यांच्यावर जातो. तो ढीग हलवल्याशिवाय दुसरा कुत्रा त्याच अंगणात सोडू नये.

रेबीजचा संशय असेल तर नव्या प्राण्याचा विचार बाजूला ठेवून आधी घरातील माणसांकडे पाहावे. चावा, ओरखडा किंवा लाळेचा जखमेशी संपर्क आला असेल तर ती जागा पंधरा मिनिटे साबणाने व वाहत्या पाण्याने धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. २०२१ साली रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झालेले गोवा हे देशातील पहिले राज्य आहे. त्यामागे वर्षानुवर्षे घरोघर व वाड्यावाड्यावर झालेले कुत्र्यांचे लसीकरण आहे, आणि नव्या प्राण्याला तीन महिन्यांचा झाल्यावर ही लस देणे व पुढे चालू ठेवणे ही आपली त्यातील जबाबदारी आहे.

घरात दुसरा कुत्राही आहे. तो जेवत नाही, दारात बसून असतो. त्याच्यासाठी सोबती आणावा का?

प्राण्यांनाही सोबत्याची उणीव जाणवते. इटलीत कुत्रे पाळणाऱ्या ४२६ जणांच्या उत्तरांवर आधारित एक अभ्यास २०२२ साली प्रसिद्ध झाला. सोबतचा कुत्रा मेल्यानंतर उरलेल्या कुत्र्याच्या वागण्यात बदल झाल्याचे त्यांतील ८६ टक्के लोकांनी नोंदवले: कोणी अधिक लक्ष मागू लागला, कोणी खेळणे कमी केले, कोणी अन्न कमी केले. दोन कुत्रे किती वर्षे एकत्र राहिले यापेक्षा त्यांचे आपसात किती जमत होते, याला त्यात अधिक महत्त्व आढळले. आणि मालकाचे स्वतःचे दुःखही कुत्र्याच्या वागण्याशी जोडलेले दिसले.

म्हणून आधी त्याचा दिनक्रम सांभाळावा. जेवण, फिरणे आणि झोप ठरलेल्या वेळी असावी. गेलेल्याचे अंथरूण काही दिवस तसेच राहू द्यावे. दोघेही एकाच आजाराच्या संपर्कात असू शकतात, त्यामुळे न जेवण्याचे कारण खंतच आहे असे गृहीत न धरता त्याची तपासणी करून घ्यावी. मांजराच्या बाबतीत तर हे फार गंभीर आहे: मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साठून जीव धोक्यात येऊ शकतो, विशेषतः ते लठ्ठ असेल तर. दुसऱ्या दिवशीच दवाखाना गाठावा.

सोबती आणण्याची घाई मी करू देत नाही. म्हाताऱ्या, सांधे दुखणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर दोन महिन्यांचे पिल्लू सोडणे ही त्याच्यावर केलेली सक्तीच आहे. तो जेवू-खेळू लागल्यावर दोन कुत्र्यांची पहिली भेट घराबाहेर, मोकळ्या जागी, दोरीत घडवावी आणि जेवणाची भांडी महिनाभर वेगळ्या जागी ठेवावीत. मांजरांना यापेक्षा अधिक वेळ लागतो. नव्या मांजराला एक-दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावे, दोघांच्या अंगाखालची फडकी अदलाबदल करावीत, म्हणजे चेहरा दिसण्याआधी वासाची ओळख होते.

लहान मुलांना काय सांगावे?

खरे सांगावे. कुत्रा झोपला आहे असे सांगितले की काही मुले स्वतः झोपायला घाबरू लागतात, आणि त्याला शेतावर सोडले असे सांगितले की ती वाट पाहत राहतात. साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात मृत्यू कायमचा असतो हे मुलांना उमगू लागते. त्याहून लहान मूल तोच प्रश्न दहा वेळा विचारते, आणि दहाही वेळा तेच साधे उत्तर द्यावे लागते. शाळेतून परतल्यावर जुन्याच्या जागी नवे पिल्लू बसलेले दाखवून मुलाला चकित करू नये. मेलेल्याच्या जागी लगेच दुसरा मिळतो, असा अर्थ त्यातून मूल काढते. पुरताना त्याला सोबत घ्यावे, फूल ठेवू द्यावे. खड्डा विहिरीपासून दूर आणि चांगला खोल असावा, म्हणजे पावसात माती वाहून गेली तरी इतर जनावरे उकरत नाहीत. नव्या प्राण्याचे नाव मुलाने ठेवावे.

घरात एकाला हवे आहे आणि दुसऱ्याला नको. काय करावे?

ज्याला नको आहे त्याचे ऐकावे. पुष्कळदा शेवटच्या आजारात उलट्या पुसण्याचे आणि सलाइन धरून बसण्याचे काम त्याच व्यक्तीने केलेले असते, आणि बहुतेक घरांत ती व्यक्ती आई असते. नवा प्राणी आल्यावर कोणते काम कोण करणार, हे आधी ठरल्याशिवाय पिल्लू नेऊ देऊ नये, असा माझा नियम आहे.

आम्ही इंजेक्शन देऊन त्याला निरोप दिला. आता दुसऱ्याला सांभाळण्याचा आम्हाला अधिकार आहे का?

आहे. असाध्य आजारात, वेदना आवाक्याबाहेर गेल्यावर, पशुवैद्याच्या सल्ल्याने घेतलेला तो निर्णय असतो. आधी भूल चढते आणि शुद्ध हरपल्यानंतर हृदय थांबते. लोकांना नंतर छळतो तो वेळेचा प्रश्न: चार दिवस आधी दिले असते तर, चार दिवस थांबलो असतो तर. याचे उत्तर शोधत रात्री जागवण्यापेक्षा ज्या पशुवैद्यांनी इंजेक्शन दिले त्यांच्याकडे एकदा जावे आणि प्रकृतीची स्थिती पुन्हा समजून घ्यावी. मी हे केले आहे. रक्ताच्या तपासणीतील आकडे त्यांनी मला दुसऱ्यांदा समजावून सांगितले तेव्हा ते मला पहिल्यांदा ऐकू आले.

आमचे मांजर मेले नाही, हरवले आहे. दुसरे आणावे का?

मृत्यूचे दुःख एका जागी येऊन थांबते. हरवलेल्याचे थांबत नाही, कारण दार वाजले की आशा जागी होते. मांजरे बहुधा घराच्या जवळपासच, माडीवर, गोठ्यात किंवा शेजारच्या बंद घरात अडकलेली सापडतात, आणि गोव्यात बंद घरे पुष्कळ आहेत. रात्री शांतता झाल्यावर विजेरी घेऊन शोधावे. दोन-तीन महिने मनापासून शोध घेतल्यानंतर दुसरे मांजर आणण्यात काही गैर नाही; फक्त पहिले परत आले तर दोघांनाही सांभाळण्याची तयारी ठेवावी.

आम्ही सत्तरीत आहोत. मुले बाहेर आहेत. या वयात पुन्हा प्राणी आणावा का?

ज्या घरांतील मुले आखाती देशांत, पोर्तुगालमध्ये किंवा इंग्लंडमध्ये आहेत, तेथे कुत्रा गेला की दोन माणसे आणि भिंतीवरचे घड्याळ एवढेच उरते. अशा घरांना नको म्हणणे मला पटत नाही. पण कुत्र्याचे पिल्लू बारा-पंधरा वर्षे आणि घरात राहणारे मांजर त्याहूनही अधिक जगू शकते, हे डोळ्यांसमोर ठेवावे. आठ-नऊ वर्षांच्या शांत कुत्र्याला निवाऱ्यात कोणी विचारत नाही. तो अशा घरात शोभतो, दोरी ओढत नाही आणि दुपारी बाल्कांवात (घरापुढच्या पडवीत) तुमच्याबरोबर झोपतो. तुम्ही आजारी पडलात तर त्याला कोण नेईल, हे त्या व्यक्तीला विचारून, तिच्या होकारासह कागदावर लिहून ठेवावे.

आणखी एक मार्ग म्हणजे तात्पुरता सांभाळ. शस्त्रक्रियेनंतर बऱ्या होणाऱ्या प्राण्याला किंवा दूध सुटलेल्या पिल्लांना काही आठवडे घरी ठेवायचे आणि मग कायमच्या घरी पाठवायचे. ज्यांना पुन्हा जीव लावण्याची धास्ती वाटते अशा कोणत्याही वयाच्या माणसांसाठी हा मार्ग मला सर्वांत चांगला वाटतो. त्यांच्यातील काही जण शेवटी त्या प्राण्याला परत पाठवतच नाहीत, हेही सांगून ठेवते.

प्राणी कोठून आणावा?

उत्तर गोव्यात आसगाव येथे वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिसचे केंद्र आहे, शिवोलीत वेल्फेअर फॉर ॲनिमल्स इन गोवा आणि दक्षिणेत कुडचडे येथे गोवा ॲनिमल वेल्फेअर ट्रस्ट काम करते. जाण्यापूर्वी फोन करावा, दोनदा भेट द्यावी आणि लसीकरणाची नोंदवही व नसबंदीची माहिती मागावी. आपल्या वाड्यावरचे, मासळीबाजारात किंवा किनाऱ्यावर वाढलेले एखादे पिल्लूही घरी आणता येते. मे महिन्याच्या अखेरीस शॅक (किनाऱ्यावरची हंगामी उपाहारगृहे) उतरले की किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचे अन्नच बंद होते, त्यामुळे पावसाळ्याच्या तोंडावर घरांची सर्वाधिक गरज असते. आई दूध पाजत असताना पिल्लू उचलू नये. विक्रीसाठीसुद्धा आठ आठवड्यांखालील पिल्लू देण्यास २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांनी मनाई केलेली आहे.

कुत्रा गेल्याच्या दुःखात काही जण पिंजऱ्यातील पोपट आणतात. आपल्याकडील रानपोपट पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी तो आणू दिला नसता.

आमच्या गृहनिर्माण संस्थेने पुन्हा कुत्रा आणण्यास हरकत घेतली आहे.

भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. स्वच्छता राखणे आणि कुत्र्याला दोरीत नेणे ही मात्र आपली बाजू आहे, ती आधीच सांभाळलेली असेल तर बोलणे सोपे होते.

जुन्याची भांडी, पट्टा, अंथरूण नव्याला द्यावे का?

संसर्गजन्य आजार नसेल तर भांडी द्यावीत, स्टीलचे भांडे उकळून घेतले की झाले. पट्टा देऊ नये. तो तुमच्यासाठी ठेवावा.

प्राणी आणला, पण माया वाटत नाही. चूक झाली का?

पहिल्या महिन्यात असे वाटणारे तुम्ही एकटे नाही. प्राण्यांच्या निवाऱ्यांत तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा एक ठोकताळा सांगतात: नवा प्राणी तीन दिवस भेदरलेला असतो, तीन आठवड्यांत घराची रीत शिकतो आणि साधारण तीन महिन्यांत हे आपले घर आहे असे मानू लागतो. मालकालाही तेवढाच वेळ द्यावा. या काळात प्रेम वाटलेच पाहिजे अशी अट स्वतःला घालू नये. वेळेवर जेवण, स्वच्छ पाणी, दोन वेळा फिरणे आणि न रागावता बोलणे एवढे पुरे. माया पुष्कळदा कामातून येते. एका बाईंनी मला सांगितले की पिल्लाला जुलाब झाले आणि रात्रभर त्याला मांडीवर घेऊन बसावे लागले, तेव्हा पहाटे त्यांना कळले की हे आता आपले आहे.

तीन महिन्यांनंतरही जवळ घ्यावेसे वाटत नसेल, त्याच्यावर चिडचिड होत असेल, तर ज्यांच्याकडून आणले त्यांना मोकळेपणाने सांगावे. त्याला रस्त्यावर सोडू नये. असा प्राणी परत देणे मी कधीही दोष मानलेले नाही, आणि असे परत आलेले दोन कुत्रे आज अतिशय सुखात आहेत.

चतुर्थी-दिवाळीच्या सुट्टीत आणले तर चालेल का? तेव्हा सगळे घरी असतात.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि फटाके वाजत असतात, आणि दिवाळीच्या आदल्या, नरकासुराच्या प्रतिमा उभारण्याच्या रात्री तर पहाटेपर्यंत वाड्यावाड्यावर कर्णे चालू असतात. नव्या जागी आलेला भेदरलेला प्राणी अशा रात्री फाटकाखालून निसटतो आणि त्याला परतीची वाट ठाऊक नसते. दिवाळीनंतरचा आठवडा निवडावा. त्याआधीच आणलेला असेल तर त्या रात्री त्याला आतल्या खोलीत ठेवावे, खिडक्या लावून पंखा चालू करावा, गळ्यात तुमचा फोन क्रमांक लिहिलेला पट्टा बांधावा आणि घरातील एकाने नरकासुर पाहायला न जाता त्याच्याजवळ बसावे.